मामाची बंदूक

राडोम, १७ फेब्रुवारी १९६४

प्रिय यादझा,

तू पाठवलेली पोंचकी पोचली. उपवासाआधीच्या लठ्ठ गुरुवारची मिठाई दोन दिवस उशिरा आली, तरी मी आणि तुझ्या ब्रोनकावहिनीने तिचा फडशा पाडला. इथे थंडी मी म्हणतेय. ओळी वरखाली गेल्या असतील तर दिव्याला दोष दे. पत्र पोस्टात न टाकता ब्रोनकाच्या हाती देतोय, कारण यात कारखान्यातलं थोडं आहे. वाचलंस की स्टोव्हमध्ये टाक.

तुझ्या विटेकला रणगाड्यांच्या दलात घेतलं म्हणे. एवढा उंट त्या डब्यात मावणार कसा, हे पहिलं मनात आलं. दुसरं आलं ते असं, की त्याच्या कमरेला बहुधा माझीच बंदूक लागणार.

आम्ही कित्येक वर्षं एकाच प्रश्नाला चिकटून आहोत: सबमशीनगन किती आखूड करता येईल? तू म्हणशील, कापा की. पण आतला जड ठोकळा प्रत्येक गोळीबरोबर मागे जातो नि पुढे येतो. त्याला धावायला जागा लागते. मग मला सुचलं, आत जागा नसेल तर त्याला बाहेर येऊ द्या. आखूड पलंगावरचा माणूस पाय बाहेर काढतो तसं. म्हणून आमच्या बंदुकीचा वरचा सगळा भागच मागे सरकतो. मला या कल्पनेचं अजून कौतुक वाटतं.

आता टाळून टाळून किती टाळणार. मी बर्फावर घसरलो असं ब्रोनकाने तुला फोनवर सांगितलं ना, ते खोटं आहे.

आमच्या विभागातले सगळे युद्धात जंगलात नाहीतर तळघरात पिस्तुलावर शिकलेले. हात लांब करायचा, गोळी झाडायची, पळायचं. या बंदुकीच्या चाचण्याही आम्ही तशाच हात लांब करून घेतल्या, आणि कुणाला ओरखडा उठला नाही. त्या दिवशी मला कुतूहल वाटलं, विटेक ही कशी धरेल? त्याला बराकीत शिकवणार, दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला. मी तशी धरली. पहिल्याच गोळीला तो सरकता भाग थेट उजव्या डोळ्यावर आला. डोळा गेला, यादझा. लिहून टाकलं एकदाचं.

विभागप्रमुख गाव्रोन्स्की दवाखान्यात संत्री घेऊन आले. ऐन हिवाळ्यात कुठून मिळवली कोण जाणे. म्हणाले, "झेनॉन, लष्कराची समिती येतेय. तू बर्फावर पडलास. बंदूक तुझीच आहे, तिच्या मुळावर उठू नकोस."

आज समिती आली. मी पट्टी बांधूनच गेलो. कर्नलसाहेबांबरोबर एक शिपाई होता, त्याच्या हाती रिकामी बंदूक दिली आणि म्हटलं, शिकवलंय तशी धर. पोराने मुकाट गाल टेकवला. मी तो भाग हाताने हळूहळू मागे ओढत नेला, तो त्याच्या पापणीशी येऊन थांबला.

कर्नल म्हणाले, "मग माहितीपुस्तिकेत इशाऱ्याची एक ओळ घालू."

बंदूक मंजूर झाली. गाव्रोन्स्की माझ्याशी बोलत नाहीत. डोळा लांब राहावा म्हणून मी लांब दस्त्याचं चित्र काढायला घेतलंय, कुणी मागितलेलं नसताना. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, ही मोठी मजेची गोष्ट आहे. चहा मी रोज कपाच्या शेजारी ओततो आणि ब्रोनका पुसते. मला रडू तेव्हाच येतं, तिला पुसताना पाहून.

माहितीपुस्तिका कोण वाचतं गं? तुझ्या शिलाई मशीनची तू तरी उघडली होतीस का? विटेकला सांग, बंदूक मामाने केलीय आणि जीव ओतून केलीय. फक्त तोंडाजवळ नेऊ नकोस म्हणावं. तो हसेल. हसला तरी पुन्हा सांग.

तुझा भाऊ,
आणि ही बंदूक दस्त्याला गाल लावून धरणाऱ्या सगळ्या पोरांचा मामा,
झेनॉन