गळ्यावरची चार बोटं

बाबा,

फोटोतल्या त्या बाईच्या गळ्यावर उमटलेली बोटं तुम्ही मुद्दाम पुसली, की हाताच्या सवयीनं? अकरा वर्षं झाली, मला उत्तर देता येत नाही. तुम्ही असतानाही मी हे एकदाच विचारलं होतं, आणि त्याचा आवाज माझ्या डाव्या कानात अजून आहे.

मी तेव्हा दहावीला. हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या आपल्या स्टुडिओत तिचा भाऊ तिला साखऱ्याहून जीपनं घेऊन येतो. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटून सुजलेला, झंपरच्या गळ्याशी वाळलेलं रक्त. गळ्याच्या एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. आवाज फुटत नाही तिला. तुम्ही दिवा लावता, मी पांढरा पडदा धरते. "समदं दिसलं पाह्यजे, भाऊ," ती घशातल्या घशात म्हणते. तिचा भाऊ सांगतो, "फोटो उद्या गावच्या बैठकीत दाखवायचेत. तोंडानं सांगून कोणी ऐकून न्हाई राहिलं." ती दोघं गेल्यावर तासाभरानं तिचा सासरा येतो. मीच त्याला चहा देते. बशीत फुंकर मारत तो म्हणतो, "घरची सून हाय, मास्तर. फोटो जरा शोभंल असा काढा." तुम्ही फक्त "बरं" म्हणता.

एवढंच मला माहीत आहे. त्या "बरं"चा अर्थ माहीत नाही.

कारण सवय तर तुम्हाला होतीच. आपल्या दुकानातून कोणाचा चेहरा डागासकट बाहेर गेला नाही. नवरी काळी असली की तिला गव्हाळ करायचं, गव्हाळ असली की गोरी. वांग, देवीचे व्रण, कपाळावरची खोक, सगळं कॉम्प्युटरवरच्या ब्रशखाली जायचं. माझ्या हॉल तिकिटावरचा फोटोही तुम्ही इतका उजळलात, की परीक्षेला बाईंनी मला दारात अडवून विचारलं, "ही तुझी बहीण का?" मी रडत घरी आले तर तुम्ही म्हणालात, "येडे, लोक फोटो कशाला काढतेत? हाय तसं दिसायला?"

बैठकीत फोटो हातोहात फिरले. डोळ्याचं काय, पडली असेल, असं ठरलं. एकजण म्हणाला, "गळा तर लोण्यावानी हाय. कुठं आवळला?" माणसं हसली, आणि तिला त्याच घरी धाडलं. आठव्या दिवशी पंचनाम्याचे फोटो काढायला तुम्हालाच बोलावणं आलं. नवरा म्हणाला, तिनं फास घेतला. आधी कधी मारल्याचा पुरावा नाही, म्हणून तो पुढे सुटलाही.

त्या दुपारी तुम्ही परत आलात, कॅमेरा गादीवर टाकलात आणि लोखंडी स्टूल उचलून मॉनिटरवर घातलंत. एकदा नाही, काच संपेपर्यंत. मनगट फाटलं, कीबोर्डवर रक्त सांडलं. "ही स्क्रीनच खोटारडी! हिच्यात काही दिसतच न्हाई!" मी दारातून म्हणाले, "पण ब्रश तर तुमच्या हातात होता नं, बाबा?" तुमचा हात असा बसला की मी चौकटीवर जाऊन आदळले. मग तुम्हीच खाली बसलात आणि रक्ताळलेल्या हातानं माझा कान धरून राहिलात. दोन वर्षांनी तुम्ही काविळीनं गेलात. आपल्यात पुन्हा ही गोष्ट निघाली नाही.

पदवी झाल्यावर मला सगळे म्हणाले, नोकरी बघ. मी आपला बंद पडलेला स्टुडिओ उघडला. आता नवा मॉनिटर घ्यायचा, सोबत कॉम्प्युटरही साफ करावा म्हणून जुनी हार्डडिस्क रिकामी करत होते, तर त्यात "बाई" नावाचा फोल्डर निघाला. आत दोनच फोटो. एक छापलेला, लोण्यासारखा. दुसरा मूळचा, हात न लावलेला. तो तुम्ही का ठेवलात?

तो मी पेनड्राइव्हमध्ये घालून हिंगोलीला गेले. दुकानदारानं सगळ्यात झगझगीत मॉनिटर पुढे केला. "हा घ्या मॅडम, कलर कसा फुटून राहिला बघा!" मी तिचा फोटो उघडला. तिची कातडी नारिंगी झाली आणि बोटं त्या लालीत बुडाली. दुसऱ्यावर सगळं निळसर, बोटं म्हणजे नुसती सावली. तिसऱ्याच्या चकचकीत काचेत मीच दिसले. दुकानदार हसला, "पासपोर्ट फोटोला एवढं काहून पाहून राहिल्या?" कोपऱ्यात एक मंद, भुरक्या काचेचा होता, रंग खरे दाखवणारा, कुठूनही पाहिलं तरी न बदलणारा. "हा कोणी नेत न्हाई, फिका वाटतो लोकाईले," तो म्हणाला. मी फोटो लावला. तो वाकून जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "जिती हाय का ही?"

तोच घेतला. घरी भिंतीचा गुलाबी रंग काढून राखाडी दिला, कारण भिंतीची झाक डोळ्याला फसवते. काचेवर रंग मोजायचं यंत्र लटकवून रंग जुळवले. आणि मग तुमच्या स्टुलावर बसून पाहिलं. चार बोटं जांभळी होती. त्यांच्याखाली, थोडी तिरपी, आणखी चार होती, पिवळी पडत चाललेली. म्हणजे नवऱ्यानं तिचा गळा आधीही धरला होता. हे आपल्या त्या जुन्या स्क्रीनवर दिसलं असतं की नाही, ते आता कळणार नाही. ती तुम्ही फोडलीत.

परवा सकाळच्या जीपनं मी साखऱ्याला गेले. तिच्या भावाला गाव अजून खोटा म्हणतं. त्याच्या हातात दोन्ही फोटो दिले. त्यानं ते शेजारी शेजारी धरले. मग त्यानं विचारलं, "हे पुसलं कोणी?"

मी तुमचं नाव सांगितलं. मूळ फाईल कुठे सापडली, कोणी हात लावला, सगळं कागदावर लिहून खाली सही केली आणि तो कागद त्याच्याजवळ ठेवून आले.

पत्र मात्र आज लिहिते आहे, बाबा. आधी लिहिलं असतं, तर तुमचं नाव सांगू का, असं मी तुम्हाला विचारलं असतं.