पदरचे एकवीस दिन

३ जानेवारी, शुक्रवार
सकाळी कॅलेंडरचं पान फाडताना दोन पानं एकदम हातात आली. तीन जानेवारी हा अख्खा दिवस जगण्याआधीच सुटा झाला. तेवीस वर्षं मी ज्या छापखान्यात प्रुफं तपासतो, तिथलंच हे कॅलेंडर. डिंक लावणारा बाइंडर माझ्यापासून बारा पावलांवर बसतो. तक्रार केली. तो म्हणाला, मग आज सुट्टी घ्या. समाजाचा ऱ्हास असा डिंकापासून सुरू होतो.

त्यात यंदा धाकट्या मालकांची टूम: प्रत्येक पानाच्या तळाशी 'आजचा दिन'. गाढव दिन, पेंग्विन दिन, हात धुण्याचा दिन. जगात इतकी माणसं रिकामी आहेत हे ठाऊक नव्हतं. तरी मी शोधून शोधून तीनशे चव्वेचाळीस भरले. एकवीस पानं कोरी राहिली. टाइपिंगवाल्या बाई म्हणाल्या, सर, तिथं फूल टाकू का? फुलं टाकायला ते काय थडगं आहे? एकवीस दिन पदरचे घातले. बाई म्हणाल्या, कुणी वाचलं तर? म्हटलं, तळातलं कुणी वाचत नाही.

संकल्प: या दिनवेडावर एक घणाघाती लेख. फेब्रुवारीअखेर पूर्ण.

२१ जानेवारी, मंगळवार
मिठी दिन. (खरा. मी इतका खाली गेलेलो नाही.) बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, आधी सिलिंडर लावून द्या. दिनांविषयी सामान्य माणसाचं मत मला एवढ्यात मिळालं. लेखात घेणार.

लेखाचं शीर्षक तयार. म्हणजे निम्मं काम झालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
कुलपाला तेल घालण्याचा दिन. (माझा.) समोरचे निवृत्त ड्रायव्हर सकाळपासून घरातली सगळी कुलपं दारात मांडून बसलेले. म्हणाले, आज जगभर घालतात. मेंढरं, दुसरं काय. न्हाव्याकडे गेलो तर तोही शटरच्या कुलपाशी झटत होता. गिऱ्हाईक साबण लावून ताटकळलेलं. न्हावी म्हणाला, असले दिवस काढणाऱ्याचं डोकं मानायला हवं. मी आरशात बघून गंभीर राहिलो.

घरी येऊन आमच्याही कुलपात दोन थेंब सोडले. ते गंजलं होतं म्हणून. दिनाचा संबंध नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
लेख: शीर्षक बदललं.

१२ मार्च, बुधवार, दुपारी
मेहुणा विश्रांती दिन. (माझा. हा लिहिला त्या आठवड्यात बायकोचा भाऊ मुक्कामाला होता. माणूस किती सोसेल?) पानावर छापलंय: 'आज आपल्या मेहुण्याला कामावरून घरी पाठवा. तो तिथंही काही करत नाही.'

पाच हजार कॅलेंडरं घेणाऱ्या पतसंस्थेच्या अध्यक्षांनी आपल्या मेहुण्यालाच मॅनेजर करून ठेवलंय, हे मला कुणी सांगायचं? आज मॅनेजर कामावर आले तर शिपायानं विचारलं, साहेब, आज तुम्ही कसे?

अध्यक्षांचा फोन आला. चूक कुणाची ते नावासकट कळवा, नाहीतर पुढच्या वर्षीची ऑर्डर विसरा. धाकट्या मालकांनी मला बोलावलं. मी इतकंच म्हणालो की, माझ्याकडे येतं ते टाइप झालेलंच येतं. शब्द न् शब्द खरा. मी कुणाचंही नाव घेतलं नाही.

त्यानंतर त्यांनी बाईंना बोलावलं.

१३ मार्च, गुरुवार
बाई आल्या नाहीत. बाइंडर म्हणतो, त्यांना काढलं. त्यांच्या घरी एकट्या त्याच कमावत्या, हेही त्यानं मी न विचारता सांगितलं. बाइंडरनं डिंकापुरतं बोलावं.

संकल्प: उद्या मालकांना सगळं खरं सांगायचं. सकाळी. चहाआधी.

१४ मार्च, शुक्रवार
चहा आज लवकर आला.

१७ मार्च, सोमवार
मालक दातांच्या डॉक्टरकडे. दुखऱ्या माणसाशी सत्य बोलणं हा क्रूरपणा आहे. शिवाय मीच गेलो तर छापखान्यात शुद्ध लिहिणारं उरेल कोण? बाईंना ऱ्हस्वदीर्घ मीच शिकवलं. आपण या संस्थेचा कणा आहोत, हे कण्याला विसरून चालत नाही.

२० मार्च, गुरुवार
चिमणी दिन. टाइपिंग सध्या माझ्याकडे. मालकांच्या दातांच्या डॉक्टरांची व्हिजिटिंग कार्डं केली. टाइप मी केली, तपासली मी, पसंतही मीच केली. एकाच हातातून काम गेलं की चूक राहत नाही.

२४ मार्च, सोमवार
कार्डांवर फोन नंबर माझा पडला. पहाटेपासून सात रुग्ण. एका आजींना मी मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला सांगितलं. बरं वाटलं म्हणाल्या. बायको म्हणाली, बरं झालं, काहीतरी उपयोग झाला.

मग तिनं विचारलं, त्या बाईंचं काय झालं हो? तिला कुणी सांगितलं कोण जाणे. म्हटलं, विषय गुंतागुंतीचा आहे. ती म्हणाली, नाही, तुम्ही गुंतवलाय. भाऊ तिचा असल्यामुळे तिचं मत निष्पक्ष धरता येत नाही.

२८ मार्च, शुक्रवार
सांगितलं.

तयारी जंगी केली होती. इस्त्रीचा शर्ट, खिशात राजीनामा (दोनदा तपासलेला), तोंडपाठ भाषण. मालकांसमोर उभा राहून म्हणालो की एकवीसही दिन माझे, शिक्षा मला द्या, बाईंना परत बोलवा. ते उठून माझा हात धरतील, आवाज भरून येईल, वगैरे मी गृहीत धरलं होतं.

ते डॉक्टरांची कार्डं फाडत बसले होते. म्हणाले, "काका, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. असलं खवचट बाई कशाला लिहितील?"

मग बाईंना का काढलं, म्हणून विचारलं. तर म्हणे, काढलं नाही. पतसंस्थेला एक नाव हवं होतं. मालक माझंच कळवणार होते, बाईंनी अडवलं. पलीकडचा मोठा छापखाना त्यांना बोलावतच होता.

मालक म्हणाले, "बाई म्हणाल्या, माझं नाव द्या. मला कुठंही काम मिळेल. सरांना या वयात कोण ठेवणार?"

राजीनामा खिशातच राहिला. त्यात एक अनुस्वार सुटला होता असं आता दिसतंय.

जाताना मालकांनी आणखी एक सांगितलं. पतसंस्थेची बोंब पलीकडेही पोचली. बाईंना तिथं पंधरा दिवसांच्या बोलीवर ठेवलंय. चूक त्यांची नव्हती असं लेखी मिळालं तरच पक्कं, नाहीतर सोमवारी कायमची रजा. ते कुणी लिहायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

२९ मार्च, शनिवार
पत्र लिहिलं. तीन पानं. भाषेची आजची अवस्था, दिनांचं थोतांड, माझी तेवीस वर्षं, त्यामागची उपरोधाची भूमिका, आणि ओघात बाईंचा उल्लेख. लेखाचा मजकूरही आयताच त्यात बसला.

बाईंच्या घरी गेलो. त्या दारातच म्हणाल्या, सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात? खुर्ची दिली. पत्र वाचलं. मग कानामागची पेन्सिल काढून, मी शिकवलं होतं तसं, पहिल्या पानावर तिरपी रेघ मारली. दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यावर अर्ध्यापर्यंत. शेवटच्या दोन ओळी ठेवल्या. एक वेलांटी सुधारली.

मी म्हणालो, बरोबर आहे.

३१ मार्च, सोमवार
सकाळी दोन ओळी स्वच्छ कागदावर उतरवल्या: 'कॅलेंडरातील एकवीस खोटे दिन मी लिहिले व मीच तपासले. टाइप करणाऱ्या बाईंनी मला आधीच हटकले होते.' खाली पूर्ण नाव, सही. पतसंस्थेसाठी एक प्रत वेगळी काढली.

पलीकडच्या छापखान्यात गेलो. तिथले मालक फोनवर होते. आत बाई पाठमोऱ्या टाइप करत होत्या. हाक मारली नाही. कागद टेबलावर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर मालकांचंच भोकं पाडायचं पंचिंग मशीन ठेवलं, आणि कामावर गेलो.