डाव्या पायातली चप्पल

सोमवार, संध्याकाळ

बेल्ह्याच्या बाजारातून आलोय, पण ती चप्पल डोक्यातून जात नाही.

डिंगोऱ्याच्या पाहुण्यांसाठी बैल बघत होतो. थोडा चालवून घेतला आणि म्हणालो, "मागचा डावा पाय जपून टाकतोय. आत काहीतरी दुखणं आहे." विकणारा चिडला. माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "भाऊ, बैलाचं ऱ्हाऊ द्या. तुमची डावी चप्पल कुठं हाय?" खाली बघितलं तर पाय उघडा. चप्पल मागं टेम्पोपाशी निसटून पडली होती आणि मला कळलंच नव्हतं. लोक हसले. मीही हसलो.

वर्षभर पाय बधिर आहेत. रात्री सारखं लघवीला उठावं लागतं. बायको, सुनंदा, म्हणते शुगर तपासा. मी म्हणायचो, चहात साखर कमी टाक, झालं. गोठ्यातल्या बैलांच्या पायांवरून रोज सकाळी हात फिरवतो मी. स्वतःच्या तळव्याकडे कधी बघितलंय?

घरी आल्यावर सुनंदानं डाव्या तळव्यात रुतलेला बाभळीचा काटा सुईनं काढला. रक्त आलं. "लई दुखतंय का?" तिनं विचारलं. "लई," म्हणालो आणि तोंडही वाकडं केलं.

काहीच दुखलं नव्हतं. उद्या रक्त तपासायला जातो, एवढं तिला सांगितलं. हे मात्र सांगवलं नाही. सारखी ती चप्पल आठवते, धुळीत एकटी पडलेली.

त्या बैलानं निदान पाय तरी जपून टाकला होता.