जिन्यात बसलेली चिमणी

ताई,

आईची सकाळची गोळी दिलीय, दुपारची तू दे. जेवण झाकून ठेवलंय.

मी झोपेत “ऊठ, ऊठ” असं कुणाला म्हणते, ते विचारत होतीस ना? माझ्या वर्गातल्या चिमणीला. तिला डाउन सिंड्रोम आहे, शिवाय हृदयाला जन्मापासून छिद्र. परवा शाळेत ती जिन्यातच बसली. मला वाटलं, नेहमीचा हट्ट. “नखरे पुरे!” म्हणत मी तिला चार पायऱ्या ओढत वर नेलं. मग ओठ निळे पडलेले दिसले. छातीवर हात ठेवून ती दमल्याची खूण करत होती. ती खूण मीच तिला शिकवली होती गं.

मी उचलून धावले म्हणून ती वाचली, असं सगळे म्हणतात. दवाखान्यात तिच्या आईने माझे हात धरले, आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आज आधी त्यांना खरं सांगणार, मग मुख्याध्यापकांना. नोकरी गेली तर गेली. फोन करून अडवू नकोस.

काल चिमणीने डोळे उघडले. मला बघून हसली, ताई. रागावली असती तर बरं झालं असतं.

— धाकटी