फोनला लागलेली उचकी

लांगबोत्न,
११ जानेवारी २००२

चि. नीलास यास,

आजीचे पोटभर आशीर्वाद, आणि कानाला एक पिळा. दोन्ही घेऊन मग पुढे वाच.

सांगतेय मी, लिहितोय शेजारचा ओडवार. अक्षर बरं आहे त्याचं, पण त्याच्याबद्दल मी काही बोलले की लेखणी अडखळते. तेव्हा जिथे शाई पसरलेली दिसेल तिथे त्याला माझ्याकडून काहीतरी मिळालंय असं समज.

नाताळात तू आणून ठेवलेला संगणक खिडकीपाशी बसून आहे. सुरू केला की आधी पेंग्विन दाखवतो, मग भराभरा ओळी सोडतो, आणि मग तुझ्या आजोबांसारखा गप्प. तुझ्या कागदाप्रमाणे ओडवारने सगळं केलं. संगणक म्हणतो, मोडेम नाही. आम्ही म्हणतो, आहे. मागे भोक आहे, भोकात फोनची तार आहे, तार आम्ही डोळ्यांनी बघतोय. तो म्हणतो, नाही. इतका हट्टी प्राणी माझ्या सहा मेंढ्यांतही नाही.

दवाखान्यात पालिकेच्या सोल्फ्रिदबाई काय म्हणाल्या ते तू शेजारी बसून ऐकलंस. १ मार्चपासून माझ्या साखरेचा आकडा रोज सकाळी सातला सुईच्या डबीतून तारेने संगणकात जायचा, आणि संगणकाने तो फोनच्या तारेने त्यांच्याकडे पाठवायचा. मध्ये माझं तोंड नको. हे जमलं तर मी घरात. नाही जमलं तर डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात खोली तयार आहे, आणि मेंढ्या खाटकाकडे.

नर्सला वर्षभर मी फोनवर ‘सात’ सांगत होते, हे खरं. सात चांगला आकडा आहे, कुणाला दुखवत नाही. मेंढवाड्यात पडले तेव्हा साखर तिप्पट, बावीस निघाली, आणि तेव्हापासून माझ्या तोंडावर कुणाचा विश्वास उरला नाही. तू त्या संगणकाला जरा माझ्यासारखं बोलायला शिकवशील का, असं विचारणार होते. पण तो तर मुळात बोलतच नाही.

सूर्य अजून डोंगराच्या मागेच आहे. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलंय. कळावे. लोभ तुझ्याकडे आहेच, तो जपून वापर.

तुझी आजी,
बिरेत


ट्रॉन्डहाइम,
१७ जानेवारी २००२

ती. आजीस,

नीलासचा वाकून नमस्कार. कान अजून लाल आहे.

चूक माझी आहे. संगणक मी ऑफिसच्या भंगारातून उचलला आणि आत कोणता मोडेम आहे ते बघितलं नाही. तो नुसता पोकळ निघाला. खऱ्या मोडेमला स्वतःचं डोकं असतं. फोनवरच्या किंकाळ्यांचे आकडे तो स्वतः करतो. ह्याच्याकडे फक्त तार खुपसायचं भोक आहे. डोक्याचं काम एका प्रोग्रामवर सोडलंय, आणि तो प्रोग्राम कंपनीने विंडोजसाठी केलाय. आपल्या घरात लिनक्स, तुझा तो पेंग्विनवाला. म्हणजे कामाला गडी आला, पण सुरी मालकाची, हातमोजे मालकाचे, आणि मासा कसा कापायचा तेही मालकानेच सांगायचं.

लिनक्सवर त्याला चालवणारा प्रोग्राम काही लोकांनी धडपडून केलेला आहे, इंटरनेटवर मिळतो. पण इंटरनेटसाठी मोडेम हवा आणि मोडेमसाठी इंटरनेट. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालंय. म्हणून किल्ली टपालाने पाठवतोय: दोन फ्लॉप्या, पुठ्ठ्यात बांधून. ओडवारकाकांनी सोबतच्या कागदावरच्या ओळी जशाच्या तशा टाइप कराव्यात, एक टिंबही इकडचं तिकडे नको.

आणि आजी, फोन उचल ना. रविवारी मी दहा वेळा लावला, दर वेळी चार घंटा मोजून ठेवून दिला. ओडवारकाकांच्या घरी फोन नाही, तुझ्या घरी आहे तो तू उचलत नाहीस, मग मी काय पक्षी पाठवू?

चार गोष्टी रागाने लिहिल्या असतील तर त्या काळजीच्या खात्यात धर.

तुझा,
नीलास


लांगबोत्न,
२९ जानेवारी २००२

चि. नीलास यास,

आजीचा आशीर्वाद, थंडीने आखडलेला. चुलीपाशी धर म्हणजे सैल होईल.

घाट पाच दिवस बंद होता. सहाव्या दिवशी बर्फ काढणाऱ्या गाडीमागून टपाल आलं. फ्लॉप्या इतक्या गारठल्या होत्या की ओडवारने त्या तासभर स्वेटरच्या आत ठेवल्या. चाळीस वर्षांत त्याने इतक्या मायेने काही छातीशी धरलेलं मी पाहिलं नाही.

(इथे शाई पसरली आहे. बिरेतबाई म्हणतात, राहू दे. - ओडवार)

ओळी त्याने एका बोटाने टाइप केल्या. मी शेजारी बसून मेंढीची लोकर विंचरली आणि अर्ध्याहून जास्त पिंजून झाली. शेवटी संगणक म्हणाला की हा प्रोग्राम लिनक्सच्या दुसऱ्या गाभ्यासाठी बनवलाय, ह्या गाभ्याला बसत नाही. ओडवारने आमच्या गाभ्याचा नंबर उतरवून घेतलाय, पत्राच्या मागे आहे. म्हणजे तू बूट पाठवलेस, पण डाव्या पायाचे दोन.

तू फोनचं विचारलंस. ऐक. मी अकरा वर्षांची होते तेव्हा युद्धात जर्मनांनी हुकूम काढला की सगळ्यांनी बोटीत चढायचं, घरं जाळणार. हुकूम वाचून दाखवायला माणूस आला त्याच्या आदल्या दिवशीच बाबा आम्हाला घेऊन डोंगरातल्या गुहेत गेले. धाकटी बहीण रिस्तेन सगळा हिवाळा माझ्या मांडीवर. ज्यांनी हुकूम ऐकला ते बोटीत चढले. आम्ही ऐकलाच नाही, तर मोडणार कुठून? शाळाही जळली, म्हणून मला अक्षर नाही. पण ह्या फ्योर्डच्या खाडीकाठावरून मला कुणी हलवलं नाही. सोल्फ्रिदबाईंचा फोन नोव्हेंबरपासून वाजतोय. वाजू दे. कानावर पडलं नाही ते लागू होत नाही.

रिस्तेन धाकटी, तिला युद्धानंतर शाळा मिळाली. अक्षर शिकली आणि त्याच अक्षराने दोन वर्षांपूर्वी त्याच वृद्धाश्रमात राहायला जायच्या कागदावर सही करून मोकळी झाली. अक्षराचा एवढाच उपयोग मी पाहिलाय.

लोकर संपायच्या आत फ्लॉपी पाठव.

तुझी,
आजी


ट्रॉन्डहाइम,
६ फेब्रुवारी २००२

ती. आजीस,

नमस्कार, आणि उजव्या पायाचा बूट.

तुमच्या गाभ्याचा नंबर घेऊन इथे तसाच दुसरा संगणक उभा केला आणि प्रोग्राम त्याच्या मापाने नव्याने बांधला. तीन संध्याकाळी गेल्या. माझी मैत्रीण टोन्ये म्हणते, तुझ्या आजीला मी पाहिलेलं नाही पण तिचा मोडेम मला आता तोंडपाठ आहे.

कागदावर पंधरा ओळी आहेत. सातव्या ओळीत देश नॉर्वे असं सांगितलंय, ती वगळू नका. नाहीतर मोडेम स्वतःला अमेरिकेत समजेल. सगळं नीट झालं तर आत एक टिक्क आवाज येईल, मग नंबर फिरेल, मग किंचाळ्या. किंचाळ्या आल्या की घाबरू नका, ते दोघं एकमेकांना ओळख देताहेत.

गुहेचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. दोनदा वाचलं. तरी सांगतो, सोल्फ्रिदबाई जर्मन नाहीत. त्यांनी मला इथे फोन केला होता. तारीख पुढे ढकलता येणार नाही म्हणाल्या, आवाजात वाईट वाटत होतं.

कॉफी पिताना दातात साखरेचा खडा धरतेस की सोडलंस, ते ओडवारकाकांनी तुला न विचारता लिहावं.

नीलास


लांगबोत्न,
१६ फेब्रुवारी २००२

चि. नीलास यास,

आशीर्वाद. आज जरा कोरडाच घे, घरात दुसरं काही नाही.

ओडवारने लिहायला नकार दिलाय, म्हणजे खडा अजून आहे हे तुला कळलंच.

मंगळवारी घाटात कडा कोसळला. रस्ता पुरता गाडला गेलाय. हे पत्र ओडवार त्याच्या होडीने धक्क्यापर्यंत नेईल आणि किनाऱ्याच्या बोटीत टाकेल, वारा पडला तर. दुकानातलं पीठ संपलंय. वाळका मासा आणि बटाटे, बटाटे आणि वाळका मासा. मी मेंढ्यांकडे बघते, मेंढ्या माझ्याकडे. आम्ही सातही जणी दाराकडे.

बूट बसला. पंधरा ओळी गेल्या, सातवीसुद्धा. टिक्क वाजलं. ओडवार उभाच राहिला, जणू राष्ट्रगीत लागणार. आणि मग काहीच नाही. पडद्यावर एक ओळ: फोनला सूर नाही. सतरा वेळा केलं. सतरा वेळा सूर नाही.

आता ऐक. सूर आहे. ओडवारने रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला, मी स्वतः ऐकला. थोडा उचकतो, एवढंच. आधी टुक टुक टुक, मग सरळ. नोव्हेंबरपासून तसाच आहे. तार जुनी झालीय, तिलाही वय आहे. माणसाला ऐकू येतं ते त्याला का येत नाही?

बारा दिवस उरले. रात्री मी खोली मोजते. माझी नव्हे, तिथली. दोन वर्षांपूर्वी एकदा दारातून पाहिली होती, आत गेले नव्हते. आठ पावलं लांब, खिडकी उघडत नाही. हे ओडवारला लिहू नको म्हटलं होतं, पण लिहितोय बघ.

आजी


ट्रॉन्डहाइम,
२१ फेब्रुवारी २००२

ती. आजीस,

घाईत आहे, बोट दुपारी सुटते. नमस्कार त्यातच.

आजी, तार जुनी नाही. तुझ्या फोनवर निरोप साठलेत! तू उचलला नाहीस की बोलणाऱ्याचा आवाज टेलिफोनवाले त्यांच्याकडे जपून ठेवतात, आणि मालकाने ऐकावं म्हणून सूर मुद्दाम तुटका देतात. मोडेमला सरळ सूरच ओळखता येतो, म्हणून तो म्हणतो सूर नाही.

दोन वाटा आहेत. पहिली: खाली एक ओळ लिहिली आहे. ती टाकली की मोडेम सूर न ऐकताच नंबर फिरवतो. त्यालाही तुझ्यासारखं बहिरं करता येतं. निरोप तसेच राहतील, तुला काही ऐकावं लागणार नाही. दुसरी: रिसीव्हर उचलायचा, शेवटी दिलेला चार आकडी नंबर फिरवायचा आणि सगळं ऐकून घ्यायचं. मग उचकी आपोआप थांबते.

दोन्हींनी काम होईल. कुठली घ्यायची ते मी सांगणार नाही. आकडे तुला येतात.

नीलास


लांगबोत्न,
२८ फेब्रुवारी २००२

चि. नीलास यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. बिघडलेले सगळे आधीच्या पत्रांत संपले.

ओडवार तुझी ओळ टाकायला बसला होता. बोट वर, पेंग्विनकडे बघत. मी म्हटलं, थांब. एका घरात एक बहिरी पुरे. त्याला मेंढ्यांना चारा घालायला पाठवला. आज सकाळीच घातला होता म्हणाला. म्हटलं, परत घाल.

नऊ निरोप होते. पहिले चार सोल्फ्रिदबाईंचे. मी इतके दिवस ज्याला भ्यायले तो हुकूम असा होता: बिरेतबाई, कशा आहात, गोळ्या पोचल्या का. चौथ्यात फक्त, फोन उचला हो, एवढंच.

पुढचे पाच रिस्तेनचे.

पहिल्यात म्हणाली, बिरेत, तुझ्या पडण्याचं इथे कळलं. दुसऱ्यात म्हणाली, इथे सगळे नॉर्वेजियनच बोलतात, आपली घरची भाषा कुणाला येत नाही, कॉफीच्या वेळी मी काहीही बोलते, सगळे मान डोलावतात; काल त्यांना सांगितलं की तुम्ही सगळे कॉडमासे आहात, तरी डोलावली. मी हसले. ती मात्र हसत नव्हती. तिसऱ्यात म्हणाली, तुझ्यासाठी ठेवलेली खोली माझ्या शेजारची आहे, मीच मागून घेतली, रागावू नकोस. चौथ्यात विचारलं, मी सही केली म्हणून बोलत नाहीस का. पाचव्यात काही बोललीच नाही. कपात चमचा फिरवल्याचा आवाज, बराच वेळ. मग ठेवला. त्याला एकोणीस दिवस झाले.

ऐकून झालं आणि सूर सरळ झाला. ओडवार आत आला तेव्हा मी रिसीव्हर हातात धरूनच होते. तो सरळ संगणकापाशी गेला. टिक्क. नंबर. मग तुझ्या त्या किंचाळ्या. मेंढवाड्यातून मेंढ्यांनी उत्तर दिलं. पडद्यावर आलं: पाठवले.

आकडा तेरा गेला. तेराच होता. पंधरा मिनिटांत फोन वाजला आणि मी उचलला. मी उचलेन असं सोल्फ्रिदबाईंना वाटलंच नव्हतं. मग म्हणाल्या, तेरा वाईट आहे, पण खरा आहे, खऱ्या आकड्यावर औषध देता येतं. रोज सातला आला तर तुम्ही घरात. मी म्हटलं, येईल. खड्याचंही कबूल केलं. ते ओडवारला लिहायला फार आवडलं.

मग मी रिस्तेनला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, बाई जाग्या आहेत, शेजारीच बसल्यात, पण घेत नाहीत म्हणतात. दुपारी लावला, तेच. आज तीनदा लावला.

घाट शनिवारी उघडतोय, बर्फ काढणाऱ्या गाडीमागून रांगेने सोडणार आहेत. सातला आकडा पाठवून मी टपालाच्या गाडीत बसेन. मेंढ्या ओडवार बघेल. दुसऱ्या दिवशीच्या सातच्या आत परतायला हवं, नाहीतर इतकं करून मिळवलेलं घर जाईल. आकाशाचा रंग चांगला नाही. माझ्या मागे घाट बंद झाला तर मी त्या आठ पावलांच्या खोलीतच अडकेन. तरी जाते. वाट बघून मी फार हिवाळे काढले.

टपाल शनिवारच्या आत तुला पोचणार नाही, म्हणून ओडवार हे पत्र आजच एका बोटाने टाइप करून संगणकातून तुझ्याकडे पाठवेल. तुझं काम एवढंच. रविवारी सकाळी संगणक गप्प राहिला तर ओडवार इथून तुला फोन करेल, मग तू सोल्फ्रिदबाईंना ताबडतोब फोन कर आणि सांग की आजी पळालेली नाही, मेलेली नाही, आकडा लपवत नाही. बहिणीच्या दारात बसलीय, आणि दार उघडेपर्यंत उठणार नाही.

बाकीचा लोभ येताना घेऊन ये, टोन्येलाही आण.

तुझी आजी,
बिरेत