दादाच्या ताटातला रस्सा

रवि. ४ जाने.
भाटघरला, दादाकडे. बायको, सुमन, गेल्यापासून रविवारचं जेवण थोरल्या भावाकडेच. बाकी आठवडा भोरात मी आणि माझी मुगाची खिचडी. पुतण्या संदीप सारोळ्याला असतो, येताना त्यानं मटण आणलं. रांधायचं वहिनींनी, पळी मात्र दादाच्या हातात. आधी नुसता पातळ रस्सा, वरचा तेलाचा कट सगळ्यांना सारखा. त्यात बाजरीची भाकरी चुरायची, ती भिजली की मग फोडी. मधेच हात पुढे केला तर पळीचा फटका, मग तुम्ही सहाचे असा नाहीतर साठीचे. आणि नळीचं हाड घरच्या कर्त्याचं. आधी बापूंचं, मग दादाचं.

आज ते माझ्या ताटात आलं. "घे बाळू, चोख."

पन्नास वर्षं नुसतं बघत आलो. दुसऱ्यांदा विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

रवि. ११
हाड परत मलाच. संदीप बापाला म्हणाला, "आबा, तुमी लई दिलदार झालासा." दादा हसला. वहिनी हसल्या नाहीत, हे आत्ता लिहिताना आठवतंय. दादाची भाकरी भिजून पार खीर झाली तरी त्याची आपली बोटं फिरत होती ताटात. फोडी संदीपकडे सरकवल्या. म्हणे दाढ दुखते. तंबाखू सोड म्हणालो. नेहमीचंच.

रवि. १८
रस्सा पार बिघडला. काळा मसाला नावापुरता, कट नाहीच. बोललो तोंडावर, "वहिनी, धुणं पिळलंय का ह्यात?" दादा म्हणाला, "म्याच सांगितलं. तिखट सोसत न्हाई." मग त्यानं वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि जो ठसका लागला! रस्सा नाकातून आला. डोळे लालभडक. संदीप पाठ चोळत बसला. तिखटाचा ठसका, तिखटाचा ठसका, असं सगळेच म्हणालो.

ST त बसल्यावर डोक्यात आलं. त्या रस्स्यात तिखट होतं कुठं?

बुध. २१
न सांगता गेलो. दुपारचे बारा. दादा अंगणात खाटेवर, उघडाच. करगोट्याला नवी गाठ, जुन्या गाठीच्या चांगली चार बोटं आत. रविवारी सदऱ्याखाली दिसत नव्हतं. वहिनी आत रस्सा-भाकरी मिक्सरमधून काढून चहाच्या गाळणीनं गाळत होत्या. मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"दिवाळीपास्नं असंच हाय, भावजी. घट्ट काय उतरतच न्हाई. रविवारी तेवढं तुमच्यासंगं ताट घिऊन बसत्यात. कुनाला सांगू नगं म्हणून शपथ घातलीया."

तिखटानं घसा सोलतोय असं दोघांनी धरलेलं. म्हणून मसाला कमी करत गेले, रस्सा पातळ करत गेले. पातळ उतरायचा, म्हणजे बरं वाटतंय असं समजायचे. मग आणखी पातळ.

आणि मी? त्याच्या वाटणीचं हाड चोखलं, वर रस्स्याला नावं ठेवली. लाज वाटते. वहिनींना तसं म्हणालोसुद्धा. पुढे लिहवत नाही.

शुक्र. २३
भोरात डॉक्टरला दाखवलं. लपवलंस का म्हणून दादाला बोललो, तरी तो येतच नव्हता, "चार दिसात बरं व्हईल" चालू. शेवटी म्हणालो, आला नाहीस तर रविवारी माझं ताट मांडू नका. तेव्हा उठला. डॉक्टरनं मान चाचपली. कधीपासून? दिवाळी म्हटल्यावर त्याचं लिहिणं थांबलं. पुण्याला जाऊन दुर्बिणीची तपासणी, लगेच, उशीर नको.

बाहेर आल्यावर दादा विचारतो, "तिखट बंद कर म्हनला का?" नाही म्हणालो. त्याबद्दल डॉक्टर काहीच बोलला नव्हता. भीती वाटली ती त्याचीच.

मंगळ. २७
पुणे. मी, दादा, संदीप. आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवडा लागेल. येताना दादा खिडकीतून भाटघरच्या धरणाकडे बघत होता. घरी आल्यावर वहिनींना म्हणाला, "रविवारी मसाला नीट घाल. ह्यांनी किती दिस पानी प्यायाचं?"

रवि. १ फेब्रु.
रस्सा झणझणीत. दादानं वाढलं, कट कुणाला कमी नाही. स्वतःच्या वाटीत गाळलेलं दोन पळ्या. हाड माझ्या ताटात. मी उचलून त्याच्या ताटात ठेवलं, त्यानं परत माझ्या.

"खा. मला बघाय बरं वाटतं."

खाल्लं. चव लागली, त्याचंच वाईट वाटतंय. तेवढी वाटी प्यायला त्याला पाऊण तास लागला. आम्ही खरकटे हात वाळवत बसलो, कुणी उठलं नाही. पुढच्या रविवारी काय, हे कुणी काढलं नाही.

मंगळ. ३
सकाळी संदीपचा फोन. रिपोर्ट आलाय. डॉक्टर फोनवर सांगत नाहीत. घरच्या दोघांनी उद्या दहाला या, पेशंटला आणायची गरज नाही. "काका, आबांना काय सांगायाचं?" दोघांनी ठरवलं, माझं पेन्शनचं काम आहे म्हणायचं.

संध्याकाळी भाटघरला गेलो. दादा ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होता, तीही मंगळवारी. दुपारी संदीपनं त्याचा फोन दोनदा उचलला नव्हता, तेवढं त्याला पुरलं.

"उद्या कितीला?"

माझं पेन्शनचं काम आहे, आम्ही दोघंच जाऊन येतो, असं सुरू केलं.

"बाळू, गळा माझा हाय."

त्यानं लपवलं म्हणून मी त्याला बोललो होतो, आणि आता मीच... वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच संदीपला फोन लावला. म्हणालो, गाडी आधी भाटघरला आण. तिघं जायचंय.