दाराचं सागवान

प्रिय दादा,

ट्रकवाल्याला मी बजावून सांगितलं आहे, आधी लाकूड उतरव आणि मगच हा लिफाफा हातात दे. म्हणजे आत्ता जठारपेठेतल्या तुझ्या नव्या घरासमोर तुझं सागवान पडलं असेल, वहिनी गॅलरीतून बघत असतील आणि तू मिस्त्रीला फोन लावायच्या तयारीत असशील. उशीर झाला, कबूल. वास्तुशांत तात्पुरत्या प्लायवूडच्या दारावर उरकावी लागली, सासरच्या माणसांसमोर तुझं नाक कापलं गेलं, हे सगळं तू मला फोनवर सुनावलंस आणि मी मुकाट ऐकून घेतलं. आता तू ऐक. फोन तू मधेच ठेवून देतोस, कागद तसा ठेवता यायचा नाही. अर्थात ठेवशीलही, तुझा काय नेम!

हे झाड तुला आठवतं का? घाटाखालच्या आपल्या उतारावर, नाल्याच्या वरच्या अंगाला, सगळ्यात सरळ उभं होतं ते. बाबा दर हिवाळ्यात मोजकीच झाडं काढायचे. वाकडं असेल ते, शेजारच्याचं ऊन खाणारं असेल ते, आतून पोकळ वाजणारं असेल ते. या सरळ झाडाला मात्र त्यांनी कधी कुऱ्हाड लावू दिली नाही. व्यापारी येऊन त्याच्या बुंध्यावर हात फिरवून जायचे आणि बाबा म्हणायचे, "हे शेखरच्या दाराचं हाय." तू दहावीत असताना तुझी उंची एकदम वाढली आणि गावातल्या घराच्या चौकटीवर तुझं डोकं आपटायला लागलं, तेव्हापासूनचं हे. रोज आपटायचं आणि रोज तू घराला शिव्या घालायचास. तू घर बांधायचं ठरवलंस तेव्हा, मागच्या हिवाळ्यात, बाबांनी ते परवानगी काढून तोडलं, साल काढली आणि वरच वाळत ठेवलं. फक्त खाली आणायचं बाकी होतं.

आता खाली आणणं म्हणजे काय, हे तुला मी शिकवायला नको, पण तू विसरला आहेस म्हणून सांगते. लाकडाचं तोंड तासून गोल करायचं, म्हणजे ते मातीत घुसत नाही. त्याला साखळी, साखळी बैलांच्या जुवाला. मग चांद्या डावीकडे, भुऱ्या उजवीकडे, आणि पावलापावलाने उतार उतरायचा. सगळी मदार एका शब्दावर. बाबा "हो" म्हणाले की दोघांनी जागच्या जागी उभं राहायचं, मग पाय हवेत असो की चिखलात. लाकूड थांबतं, बाबा पुढे येतात, अडलेली साखळी सोडवतात, कोवळं रोप असेल तर लाकडाचं तोंड वळवतात, आणि पुन्हा चालायचं. त्यामुळेच आपल्या उतारावर तोडलेल्या प्रत्येक झाडाच्या बाजूला चार पोरं उभी आहेत. भुऱ्याला हा शब्द शिकवायला बाबांचे दोन हिवाळे गेले होते. त्याच्या अंगावर त्यांनी कधी काठी उगारली नाही, आपल्या अंगावर बक्कळ उगारली.

संक्रांतीनंतर तू गाडी घेऊन आलास आणि भुऱ्याला मूर्तिजापूरला नेलंस. तुझ्या सासऱ्यांना, केशवरावांना, शंकरपटात बैल पळवायचा, शर्यती जिंकायचा शौक. त्यांच्या बैलाचा जोडीदार लंगडा झाला होता आणि भुऱ्याचे लांब पाय तू त्यांना मोबाइलवर दाखवले होतेस. बाबा म्हणाले, हा पळायचा बैल नाही, थांबायचा बैल आहे. तू हसलास. म्हणालास, "बाबा, बैल बैल असते. चार दिवस पळवून आणून देतो." जावयाला सासऱ्यापुढे छाती फुगवायची होती, मग बाप कशाला आडवा येईल? त्यांनीच दावं सोडून तुझ्या हातात दिलं.

तिकडे काय झालं ते तुझ्याच चालकाने, पिंटूने, मला सांगितलं. तू नव्हतं सांगितलंस. भुऱ्या "हो" म्हटलं की थांबतो, हे केशवरावांच्या माणसांना पहिल्याच सरावात कळलं. पटात थांबणारा बैल काय कामाचा? म्हणून त्यांनी तो शब्द त्याच्या अंगातून काढायचं ठरवलं. मुद्दाम "हो" म्हणायचं आणि तो थांबला की मारायचं. शेपटी पिरगाळायची, टोचणी लावायची. तो "हो" ऐकून पळायला लागेपर्यंत हेच चाललं. तू तिथे खुर्ची टाकून बसला होतास आणि वहिनींच्या भावाने व्हिडिओ काढला, असंही पिंटू म्हणाला. तरी पट हरलाच. मग बैल परत आला. पुठ्ठ्यावरच्या जखमा दाखवल्या तर तू म्हणालास, "गाडीत घासलं असन."

पहिल्याच दिवशी बाबांनी गोठ्यात "हो" म्हटलं आणि भुऱ्याने दावं तोडलं. बाबा खाली बसले. मला वाटलं तुला शिव्या देतील. ते म्हणाले, "त्याचं काई चुकलं नाई. थांबलं का मार खाचा, असंच शिकवलं त्याले. मंग जनावरानं कराव तरी काय?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो शब्द पुन्हा शिकवायला घेतला. हातावर गुळाचा खडा, मोकळी साखळी, सपाट रान. दहा वेळा म्हटलं की एकदा थांबायचा, तोही थरथरत. पण थांबायला लागला होता, दादा. बाबा म्हणायचे, पोळ्यापर्यंत होईल पहिल्यासारखा.

तुला पोळ्यापर्यंत कुठे दम होता? तुझी वास्तुशांत फाल्गुनात. तू रोज फोन करायचास. तू जेसीबी पाठवतो म्हणाला होतास, हे मी विसरलेले नाही. त्या जेसीबीला वर जायला रस्ता हवा होता आणि रस्त्यासाठी नाल्याकाठची सगळी कोवळी झाडं आडवी करावी लागली असती. बाबा नको म्हणाले तर तू काय बोललास? "मंग त्या बैलाचे नखरे बंद करा अन् लाकूड पाठवा. तारीख हलनार नाई, काईबी हो." फोन स्पीकरवर होता. बाबांनी तो माझ्या हातात दिला आणि टोपी शोधायला लागले. मी आडवी आले, शेजारच्या नत्थुजींनी हात जोडले, थोडं थांबा म्हणाले, माझी जोडी मोकळी होऊ द्या. पण पोराच्या दाराचं लाकूड शेजाऱ्याच्या बैलांनी आणायचं हे बाबांना पटेना. आणि खरं सांगू? बैलाचे नखरे म्हणालास ते त्यांना फार लागलं होतं. त्यांना तुला दाखवायचं होतं.

अर्ध्याहून जास्त उतार नीट उतरला. नाल्याच्या वर लाकडाचं तोंड एका मुळात अडलं. बाबा खालच्या अंगाला होते. त्यांनी "हो" म्हटलं. चांद्या थांबला.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. मी म्हटलं, बाबांना ताप आहे, येता यायचं नाही. तू म्हणालास, "बरं, गोळी दे. पन लाकडाचं काय?" तुझ्या वास्तुशांतीच्या दिवशी पुन्हा आला, मागे सनई वाजत होती. "बाबाले एक लाकूड टायमावर नाई पाठवता येत?" मी म्हटलं, येऊन राहिलं दादा. त्याआधी एका सकाळी मी चाबूक घेऊन गोठ्यात गेले होते. मला पाहताच भुऱ्या दाव्याच्या टोकापर्यंत सरकला, डोळे पांढरे करून. मी चाबूक खुंटीला टांगला. मला ज्याला मारायचं होतं तो गोठ्यात नव्हता. लोक म्हणतात, माणूस घेतलेला बैल दारात ठेवू नये. मी ठेवला आहे. रोज गुळाचा खडा घेऊन त्याच्यापुढे उभी राहते आणि बाबांच्या आवाजात "हो" म्हणते.

बाबा गेले, दादा. तिथेच, नाल्याच्या वर, तुझं लाकूड भुऱ्याच्या मागे फिरलं आणि त्याच्याखाली. अग्नी मी दिला. तेरवी परवा झाली, गाव जेवून गेलं. "पोरी, शेखरले फोन लाव," असं नत्थुजी सारखे म्हणत होते आणि मी लावला लावला म्हणत होते. कळवलं असतं तर तुला सुतक लागलं असतं आणि तारीख हलली असती. काहीही झालं तरी हलणार नाही, हे तूच म्हणाला होतास, मी फक्त तुझा शब्द राखला. बापाच्या सुतकात तू सोवळं नेसून नव्या घरात होम केलास, तो आता कितपत लागू पडतो ते तुझ्या भटजींना विचार. लाकूड नत्थुजींच्या जोडीने खाली आणलं. त्याच्या एका अंगाला काळपट डाग आहे, तो तेलाचा नाही. मी पुसला नाही. सुताराचा रंधा फिरला की जाईल, म्हणून त्याने हात लावायच्या आधी तुला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. इकडे येऊ नकोस, तुझं इथे काही राहिलेलं नाही. चौकट मात्र ऐटीत बसव. चांगली उंच होईल, बाबांनी मापून ठेवलं होतं. रोज त्यातून आत जाताना तुला वाकावं लागणार नाही.

अजूनही तुझीच बहीण, इलाज नाही म्हणून,
गीतांजली